अक्तीचे दोन खोटे फोन

ती अक्ती आठवली की आजही आधी चीड येते आणि मग स्वतःचीच लाज वाटते. अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीया. छत्तीसगडात त्या दिवशी पोरं मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात, अगदी मांडव घालून, वाजंत्रीसकट. आणि त्याच मुहूर्तावर काही घरं खऱ्या पोरीही उजवून टाकतात.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. अर्धं ठाणं मंत्र्यांच्या बंदोबस्ताला जुंपलेलं. भनपुरीकडच्या ठाण्यात मी प्रभारी, हाताशी चार माणसं. सकाळी दहाला एका पोरीचा फोन आला, "चौदह साल की लड़की की शादी हो रही है." पत्ता सांगितला आणि ठेवला. रोजनामच्यात नोंद केली, महिला शिपाई सोबत घेतली, जीप काढली. जाऊन पाहतो तर मांडवात बाहुली! बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "आवव साहेब, बइठव," म्हणजे या, बसा, आणि हातावर प्रसाद ठेवला. घेतला, काय करणार!

दीड वाजता पुन्हा तोच आवाज, दुसरा पत्ता, पुन्हा बाहुली. माझं डोकंच फिरलं. ठाण्यात येऊन हुकूम सोडला, "या पोट्टीचा फोन आला तर कोणी हलायचं नाही. आधी हिलेच पकडतो."

टेलिफोन एक्सचेंजमधून नंबर काढला. तो एका पीसीओचा निघाला. पीसीओवाल्याने समोरचं घर दाखवलं. माझ्यासारख्याच विदर्भातून आलेल्या रेल्वेच्या बाबूचं घर, मुलगी बारा वर्षांची. आईला शेजारी बसवून मी पोरीला फैलावर घेतलं.

"शाळेत बालहक्क शिकवतात न तुले? हक्क पाहिजे अन् जबाबदारी नको? आमची जीप तुझ्या बाहुल्यांमागं फिरून राहिली, अन् तिकडं खरंच कोणाचा जीव अडकला असंल तर?"

"मुझे नहीं पता," एवढंच ती म्हणाली.

चौकशीत खोटं बोलणारा माणूस दाराकडे पाहतो, हा माझा अनुभव. ही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. मी आवाज खाली आणला.

"काहून, कशाची वाट पाहून राहिली बाई?"

तिचा बांध फुटला. "साडेपाचले माझ्या मैत्रिणीचं लगन हाये. खरं लगन. ते चौदाच वर्साची हाये. मी मांडवाजवळ उभी राहून मोजलं, तुमाले यायले सकाळी चाळीस मिनिटं लागले, दुपारी एक घंटा. म्हणून मी साडेचारले फोन करणार होती."

"मंग आधीच खरं काहून नाही सांगितलं?"

"परवा सांगितलं न! तुमीच म्हटलं, लगन लागू दे, मंग फोन कर. म्हणून बाहुल्यांचं सांगून पाह्यलं, लगन लागताना तरी येता का नाही."

मला आठवलं. समोर जेवणाचा डबा उघडा होता. गुन्हा घडल्याशिवाय पोलीस काय करणार, असं ऐकवून मीच फोन आपटला होता. नोंदसुद्धा केली नव्हती. आणि आता साडेचारचा फोन आला तरी हलू नका, हा हुकूमही माझाच.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पोरीकडून पत्ता घेतला, मैत्रिणीच्या शाळेच्या हेडमास्तरांना घरून उचललं, मुलांच्या जन्मतारखा लिहिलेलं दाखल-खारिज रजिस्टर जीपमध्ये टाकलं. मांडवात पोचलो तेव्हा नवरी हळद लावून बसलेली. बाप अठरा वर्षं पूर्ण झाल्याचा कागद नाचवत होता. रजिस्टर उघडलं, चौदाच निघाली. वरपक्षाने आरडाओरडा केला, नेत्याच्या नावाची धमकी दिली. मी पंचनामा केला आणि पोरगी अठराची होईपर्यंत लग्न लावणार नाही, असं दोन्ही बापांकडून लिहून घेतलं. वरात परत गेली. पोरगी जूनमध्ये शाळेत आली, हे मी स्वतः हेडमास्तरांना विचारून घेतलं.

मुलांनी खोटी तक्रार करू नये, हे मी आजही शाळाशाळांत सांगतो. पण आधी विचारतो, यांची खरी तक्रार कोणी ऐकली होती का? मुलांना जबाबदारीचे धडे द्यायला आम्हा मोठ्यांची जीभ फार सैल असते.

दुसऱ्या दिवशी त्या बाबूने लेकीला ठाण्यात आणलं. दोन खोट्या फोनबद्दल तिने माफी मागितली, पण जागची हलेना.

"जाय आता घरी," मी म्हणालो.

"माझी झाली," ती म्हणाली. "आता तुमी मागा."

बाबूने घाबरून तिचा दंड धरला. मी खुर्चीतून उठलो, टोपी काढली आणि सगळ्या स्टाफसमोर त्या पोरीची माफी मागितली.