वाटीचा तळ

धाकट्या भावाचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर धुळ्याला इंजिनकामाला टाकला होता. शेती तो पारोळ्याजवळ बघतो. मी जळगावला पाइपच्या कारखान्यात तपासणीत आहे. दिवसभर जाडी मोजायची, मापात न बसलेलं परत पाठवायचं. त्यामुळे इंजिन पुन्हा जोडण्याआधी मी मोजायचा व्हर्नियर घेऊन येईन, असं भावाला बजावून ठेवलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा मिस्तरी नाना पाटावर बसून सहा नवे पुशरॉड पुसत होते. ना खोकं, ना कंपनीचं वेष्टन.

"कुठून आणले?"

"दोंडाईचाथीन मांगाडेल शेतस."

दोंडाईचात असलं दुकान कुणाचं, ते मला ठाऊक नव्हतं. भंगारातल्या ट्रॅक्टरचे काढून घासले असतील, अशी शंकेची पाल मनात चुकचुकली.

पुशरॉड म्हणजे खालच्या फिरत्या कॅमचा धक्का वर रॉकरपर्यंत, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यापर्यंत, नेणारी सळई. ती वाजवीपेक्षा लांब झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. आमच्या इंजिनचं हेड, म्हणजे रॉकर ज्यावर बसतात तो वरचा भाग, सपाट करताना घासून पाऊण मिलिमीटरच्या आसपास, नेमकं सात दशांश, कमी झालं होतं. म्हणजे रॉकर खाली आला. नवी सळई जुनीपेक्षा आखूड हवी, यात शंका नव्हती. रॉकरवरचा टॅपेटचा स्क्रू थोडाफार फरक घेतो, पण त्यालाही आट्यांची हद्द असते.

"माप कसं काढलं, नाना?"

त्यांनी वाकलेल्या जुन्या पुशरॉडचे दोन तुकडे दाखवले. मधे बोल्ट, दोन नट. स्क्रू अर्ध्यावर ठेवून, रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट लावून, ही सळई लांब-आखूड करत जागेवर बसवायची आणि नट आवळायचे.

"आकडा किती आला?"

"आकडा नई, भाऊ. हाईच माप शे. हाई लई जास अन् हाईनाइतकीच आनस."

आकड्याशिवाय माप! मी व्हर्नियर काढलं. जुनी सळई २४१.३. नवी २४२.१. आखूड व्हायच्या ऐवजी आठ दशांश लांब. मी दुसरी मोजली, तिसरी मोजली. तेच.

"या मी बसवू देणार नाही," मी म्हणालो.

भाऊ हसला. "नाना, आमना दादा घर भाकरनी जाडी बी मोजस."

नाना हसले नाहीत. डब्यातून त्यांनी छर्रा काढला, रॉकरच्या स्क्रूच्या गोल टोकाएवढाच. सळईच्या वरच्या टोकाला छोटी वाटी असते. तीत तो ठेवला.

"आते मोजा. तुमना काटा बराबर शे, जागा चुकनी. स्क्रू वाटीना तळले बसस, काठवर नई."

छर्ऱ्यासकट जुनी भरली २४५. नवी २४४.३. बरोबर सात दशांश आखूड. नव्यांची वाटी खोल होती आणि मी काठापासून मोजत होतो. वीस वर्षं मापं घेणाऱ्या माणसाने काठ आणि तळ यात फरक करू नये, याची मला शरम वाटली. पण संशय तेवढ्याने गेला नाही. उरलेल्या पाचही छर्रा ठेवून मोजल्या. चौथी आणखी तीन दशांश कमी भरली.

"तितला फरक स्क्रू लई लेई," नाना म्हणाले.

"मला बघू द्या."

त्यांनी हेड बसवलं, पुशरॉड टाकले, फटी लावल्या. चौथ्याचा स्क्रू इतरांपेक्षा जरासा खाली होता, पण वर अजून आटे दिसत होते. मी ते बोटाने मोजले. मग इंजिन हाताने दोन फेरे फिरवायला लावलं. कुठे अडलं नाही.

भावाने चावी फिरवली. इंजिन लागलं. पेरणी तोंडावर आलेली. त्याला त्याच दमात निघायचं होतं.

"थंड होऊ दे," मी म्हणालो. "फटी पुन्हा बघू."

"दादा, दुपार व्हई जाई!"

"होऊ दे."

नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि झाकण उघडायचे पाने ट्रॅक्टरजवळ आणून ठेवले.