गाऱ्हाण्यात घालवलेला तास

माझ्या कपाळावर टाक्यांची खूण आहे. कुणी विचारलं की नारळ पडला म्हणून सांगतो. नारळ खरा, पण तो माडावरून पडला नाही, माझ्या थोरल्या भावाने मारला.

दादाला लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. गोव्याच्या इस्पितळातून औषधाची तिसरी फेरी घेऊन आला आणि संध्याकाळी जाळं सांधायला बसला. जन्मभर न बघता मारलेली गाठ त्याला जमेना. "म्हातारो झालंस रे!" म्हणून मी हसलो. हाताच्या कामात किंवा वागण्यात फरक दिसला तर ताबडतोब आणा, असा डॉक्टरांचा कागद होता. तो मीच कॅलेंडरमागे खोचून विसरलो होतो.

सकाळी त्याने वहिनीचे केस धरून डोकं दारावर आपटलं. मी मध्ये पडलो आणि कपाळावर नारळ खाल्ला. "माका बुडवूक इलास!" तो ओरडत होता. वाडीतल्या चौघांनी त्याला लोळवलं. तोवर एकाच्या मनगटाचा लचका त्याने तोडलाच. जाळ्याच्याच दोरीने त्याला खांबाला बांधलं.

"बाधा आसा. गाऱ्हाणा घाल," शेजारचे काका म्हणाले.

वाडीत देवाला घातलेलं गाऱ्हाणं माझंच गाजलेलं. तोच नारळ धुऊन देवापुढे ठेवला आणि सुरू झालो. प्रत्येक वाक्याला मंडळींचं "व्हय म्हाराजा!", मागे खांबावर दादाचं डोकं, धाड धाड. माझ्या कपाळाचं रक्त मिशीत उतरलं तरी मी एकेका पूर्वजाचं नाव घेतच होतो. तास गेला. दादाचं ओरडणं थांबलं, तसा मी खूश झालो.

वहिनीने पाहिलं, तर त्याचे डोळे पांढरे झालेले, अंगाला झटके.

"भावोजी, देव खंय पळान जाणा नाय! गाडी काढा!"

डॉक्टर म्हणाले, औषधाचा मेंदूवर परिणाम झालाय. जाळ्याच्या गाठीचं ऐकून विचारलं, "कालच का नाही आणलंत?" मी नुकत्याच टाके पडलेल्या कपाळाची पट्टी दाखवली. ते हसले नाहीत. सलाइनमधून उताऱ्याचं निळंशार औषध सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी दादाने माझ्याकडे नीट पाहिलं. "कोणी मारल्यान रे तुका?"

"नारळ काढूक गेललंय, डोक्यार पडलो."

"तू खंय चढाक गेललंस? तुका स्टूल झेपना नाय!"

वहिनी सुजलेल्या तोंडाने हसली आणि रडायला लागली. मी खिशातली सुतळी त्याच्या हातात दिली. पहिली गाठ सुटली. दुसरीही सुटली. तिसऱ्यांदा त्याने बोटं थांबवली, पुन्हा वळवली.

मी हसलो नाही.