संगणकाचा बडग्या

उमरेडहून नागपूरला जायला तेव्हा छोटी गाडी होती. मधे उतरून चिंचा गोळा कराव्यात आणि पुन्हा त्याच डब्यात चढावं, असा तिचा वेग. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मी ट्रंक आणि वळकटी घेऊन तिच्यात बसले. फलाटावरून आईने अट घातली : “पोळ्यापर्यंत नवकरी पक्की झाली तं ठीक. नाई तं वापस ये वं. तुया माग खाली पडून राहिला.”

आमच्या घरी दोन हातमाग. एक बाबांचा, दुसरा माझा. पोळा आणि त्याचा दुसरा दिवस दोन्ही बंद असत. व्यापारी दारात येऊन उभा राहिला तरी बाबा बाजेवरून उठत नसत. “आज माग बंद हाय,” एवढंच सांगत, आणि त्यावर अपील नसे. मला त्या मागावर परत बसायचं नव्हतं. हे आईलाही माहीत होतं, म्हणूनच तर अट.

नोकरी मिळाली इतवारीतल्या एका ठेकेदाराकडे. तो कारखान्यांच्या शेड बांधायचा. समोरच्या ठेकेदाराने टेलेक्स घेतला म्हणून आमच्या साहेबांनी कॉम्प्युटर घेतला होता. त्याच्यासाठी एसी आला, खोलीच्या दारात पायपुसणं आलं, सगळ्यांच्या चपला बाहेर गेल्या. पडद्याला हळदकुंकू लागलं. नारळ फोडला त्याचं पाणी विजेच्या बोर्डात शिरलं आणि नव्या युगाची सुरुवात वायरमन येईपर्यंत थांबली.

मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता, म्हणजे पाढे छापणारा प्रोग्राम लिहू शकत होते. तेवढ्या भांडवलावर मी ठरवलं की बांधकामाचं नियोजन करणारा प्रोग्राम लिहायचा : कोणतं काम कशानंतर, कोणाकडून, आणि शेड उभी कधी राहणार. नागपूरजवळ कन्हानला मुंबईच्या एका कंपनीची शेड चाललेली होती. साहेब म्हणाले, “मॅडम, बंबईवाल्यांना हे चालवून दाखवा. त्याच दिवशी तुम्हाला कायम करतो.”

नियोजनाच्या त्या प्रोग्रामचं स्वतःचं नियोजन मात्र कुणीच केलेलं नव्हतं. रोज सकाळी साहेबांना नवं काही सुचे. आधी पडद्यावर गणपती हवा होता. फुल्या-फुल्यांनी तो काढता काढता आठवडा गेला, तर साहेब म्हणाले, “सोंड उजवीकडे वळली. उजवा कडक असतो. डावीकडे करा.” शेडच्या तारखा अजून चुकतच होत्या, पण सोंड डावीकडे झाली.

मग मुंबईच्या कंपनीकडून सुट्ट्यांची यादी आली. तिच्यात नारळी पौर्णिमा होती. समुद्राला नारळ वाहायला कन्हानहून कोण जाणार होतं देव जाणे, पण आमचं काम त्या दिवशी बंद. पोळा आणि दुसऱ्या दिवशी इडापीडा गावाबाहेर न्यायला मिरवणुकीने निघते ती मारबत मात्र नाही. मी साहेबांना म्हटलं, त्या दिवशी नागपुरात कोण कामावर येतं? साहेब नागपूरचेच, लहानपणापासून मारबतीमागे धावलेले. ते म्हणाले, “बंबईची लिस्ट हाय मॅडम. ते काय पागल हायेत का? जशी हाय तशी टाका.” टाकली.

मुंबईचे पाहुणे नेमके मारबतीच्या दिवशी येणार ठरले. म्हणून पोळ्याला मला घरी जाता आलं नाही. आईची मुदत संपली होती आणि मी इतवारीतल्या त्या थंड खोलीत डाव्या सोंडेचा गणपती तपासत होते.

पाहुणे मिरवणुकीतून वाट काढत, घामाघूम होऊन पोचले. हार झाला, श्रीफळ झालं, साहेबांचं भाषण झालं. पाहुण्यांनी विचारलं, “आज साइटवर काय चाललंय?” मी कळ दाबली. हिरव्या अक्षरांत उमटलं : स्लॅब ओतणे चालू, वामन मिस्त्री आणि सर्व मजूर हजर.

त्याच वेळी खिडकीखालून ढोल आला. मारबतीबरोबर लोकांना नकोशा झालेल्या गोष्टींचे पुतळे निघतात, त्यांना बडग्या म्हणतात. हा बडग्या खोक्याचा होता. पोटावर हिरव्या रंगाची अक्षरं, गळ्यात चपलांची माळ. पुढे नाचत होते वामन मिस्त्री आणि सर्व मजूर, खरोखरच हजर.

“काम्पुटर, टाइमटेबल घेऊन जा गे मारबत!”

मिस्त्रींना मी खिडकीत दिसले. “या ना मॅडम खाली! तुमचाच हाय!”

पाहुण्यांनी एकदा पडदा पाहिला, एकदा रस्ता. साहेब म्हणाले, “मशीन नवीन आहे सर. आणि या मॅडम टेम्परवारी आहेत.” मला उमरेडची गाडी दिसू लागली.

पाहुणे मात्र खाली बसले. “असे दिवस अजून किती आहेत?” मी एकेक घालत गेले. पोळा, मारबत, महालक्ष्म्या, संत्री तोडायला मजूर काटोलला जातात ते दिवस. शेड उभी राहण्याची तारीख दिवाळीवरून सरकत संक्रांतीपलीकडे गेली. साहेबांनी डोळे मिटले. पाहुणे म्हणाले, “ही तारीख खरी वाटते,” आणि यापुढे अशीच पाठवा म्हणाले. तशी पाठवणारी दुसरी कुणी नसल्यामुळे साहेबांना मला कायम करावं लागलं.

मी घरी सांगायला गेले. आईने ऐकून घेतलं. “पक्की झाली, बरं झालं. पण पोळा राहिला तो राहिलाच ना वं.”

त्यानंतर बरीच ऑफिसं झाली, पुण्यातली आणि मग परदेशातली. माझा माग कधीच मोडीत निघाला. भाऊ बुटीबोरीच्या गिरणीत आहे. तो तिकडे राहिला आणि मी निघाले, तरी दोघांनाही आता सुट्ट्यांची यादी दुसरीकडूनच येते. नवीन प्रोजेक्ट सुरू झालं की सगळ्यात आधी मी त्यात पोळ्याचे ते दोन दिवस सुट्टीचे म्हणून घालते. त्या दिवसांत मी कुठे जात नाही, पूजा करत नाही, खुर्चीत नुसती बसून असते. बरं नाही का, म्हणून कुणी ना कुणी फोन करतं. मी सांगते, आज माग बंद आहे.

त्यावर अपील नसतं.