डॉर्सीच्या यादीतले शेवटचे नाव

डॉर्सी केमरर शनिवारचे दुपारचे जेवण गेली चार वर्षे स्लोव्हाकियात जेवतो, असे त्याची बायको लॉरेटा चर्चमध्ये सगळ्यांना सांगायची. तिचे काही चुकत नव्हते. देह स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, पुढ्यात कुस्करलेल्या बटाट्यावर ओतलेल्या नूडल्स, आणि नजर केचपच्या बाटलीला टेकवून ठेवलेल्या टॅबलेटवर. इथे इंडियानात बारा वाजत तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा झालेले असत आणि कुठल्याशा गावच्या बास्केटबॉलच्या दुय्यम लीगचा सामना सुरू होई. समालोचकाच्या बोलण्यातले डॉर्सीला ओ की ठो कळत नसे. कळायची गरजही नव्हती. बाकड्याच्या टोकाला गळ्यात टॉवेल घालून बसलेला कोल्बी राउश उठतो की नाही, एवढेच त्याला बघायचे असे.

कोल्बी सहसा उठत नसे.

"अरे, घाल ना त्याला आत," डॉर्सी टॅबलेटला म्हणाला. "बावीस पॉइंटनी हरताय. आता काय वाचवून ठेवलंय?"

"मोठ्यानं बोल," लॉरेटा म्हणाली. "समुद्रापलीकडे ऐकू जायचंय."

"कोच आहे का कोण आहे हा? पोराचं वाटोळं करून ठेवलंय."

"पोरगं तेहतीस वर्षांचं आहे, डॉर्सी. आणि त्याचा गुडघा त्याच्याहून म्हातारा आहे. नूडल्स गार झाल्या."

शेवटची चार मिनिटे उरली तेव्हा कोल्बी आत गेला, एक फाउल केला, आणि चित्र गोठले. डॉर्सीने टॅबलेट हलवला, ठोकला, त्याच्या आईबापाचा उद्धार केला. चित्र परत आले तेव्हा लोक कोट चढवून घरी निघाले होते. त्याने कागद ओढला आणि लिहिले: कोल्बी राउश, चार मिनिटे, शून्य गुण, एक फाउल. गुरुवारी गावच्या साप्ताहिकात त्याचे 'मिलर कुठे आहेत' हे सदर यायचे, त्यातला मजकूर एवढाच. बाकी नाव नाही, गाव नाही.

हे असे नव्हते हो आधी. मिलर म्हणजे टिल्मन हायस्कूलचा संघ. एकोणीसशे लोकवस्तीच्या गावाने बेचाळीसशे माणसे बसतील एवढे जिम बांधले होते आणि शुक्रवारी ते भरायचे. त्या जिममधून कॉलेजात गेलेली पोरे, आणि कॉलेजातून पुढे पैसे घेऊन खेळणारी दोन-चार नशीबवान, या सगळ्यांचा माग डॉर्सी एकोणनव्वद सालापासून काढत होता. इंटरनेट नव्हते तेव्हा कॉलेजांना फोन करायचा, आयांकडून पत्रे मागवायचा. एका वर्षी यादीत सतरा नावे होती. मुलीही होत्या, त्याची स्वतःची मुलगी ग्वेन तीन वर्षे त्या यादीत होती. लोक आधी मृत्युवार्ता वाचत आणि मग डॉर्सी. धान्याच्या गोदामावर वजनकाटा सांभाळण्यात त्याची अडतीस वर्षे गेली, त्यामुळे त्याच्या आकड्याला कुणी शंका घेत नसे.

मग २०१० साली शाळा बंद पडली. टिल्मनमध्ये पोरे उरली नव्हती आणि नऊ मैलांवरच्या ब्रॅडीतही उरली नव्हती. ही दोन्ही गावे शंभर वर्षे एकमेकांना पाण्यात पाहत आलेली. सरकारने दोन्ही शाळा मिटवल्या आणि बरोबर मधोमध, मक्याच्या शेतात, नॉर्थ फोर्क नावाची एकच शाळा उभी केली. कुणाला अर्धा मैल जास्त मिळू नये म्हणून अंतर मोजून घेतले. गणवेशाला दोन्ही गावांचा रंग नको म्हणून जांभळा निवडला. तो कुणालाच आवडला नाही, म्हणून सगळ्यांना पटला.

डॉर्सी तेव्हा नुसता पेटला होता. त्याने पुढच्याच गुरुवारी सदराखाली चौकट टाकली: 'या सदरात फक्त टिल्मन हायस्कूलमधून पास झालेल्यांचीच नावे येतील.' गावाने त्याला डोक्यावर घेतले. महिनाभर हॉटेलात त्याला कॉफीचे पैसे कुणी देऊ दिले नाहीत. शेतात उभ्या राहिलेल्या त्या जांभळ्या शाळेला आपण चांगली चपराक दिली, असे त्याला वाटले.

भरलेला ट्रक किती, रिकामा किती, हे जन्मभर वजा करत बसलेल्या माणसाला एवढी साधी वजाबाकी कळू नये याचे नवल वाटते. यादीत नवे नाव येणार नव्हते, जुनी जाणार होती. कुणी विमा विकू लागला, कुणाला जुळी झाली, कुणाचा घोटा गेला. सतराची नऊ झाली, नवाची चार. गेली तीन वर्षे शेवटच्या बॅचचा कोल्बी राउश एकटा उरला होता.

आणि याच तीन वर्षांत डॉर्सीची नात मॅरिन, ग्वेनची मुलगी, कॉलेजात खेळत होती. नॉर्थ फोर्कमधून पास झालेली, पाच फूट अकरा इंच, ओहायोतल्या एका कॉलेजने पूर्ण शिष्यवृत्ती देऊन नेलेली.

ती जायच्या आधीच्या ऑगस्टमध्ये दोघे मागच्या पायरीवर मक्याची कणसे सोलत बसले होते. तेव्हा तिने विषय काढला होता.

"आजोबा, मग मी कुठे येणार? कोल्बीच्या वर की खाली?"

"कशात?"

"मिलरमध्ये. तुमच्या पेपरात."

"तू मिलर कुठे आहेस? तू नॉर्थ फोर्कची. आज तुला घेतलं तर उद्या ब्रॅडीवाले दारात रांग लावतील."

"आई होती ना यादीत?"

"आई टिल्मनची. काट्यावर घरचा ट्रक आला म्हणून मी कधी वजन बदललं नाही, मॅरिन. नियम म्हणजे नियम."

मॅरिन हसली. "बरं बाबा, राहिलं," म्हणाली, आणि पुढचे कणीस उचलले. ती हसली म्हणजे तिला पटले, असे डॉर्सीने धरून घेतले. ग्वेन त्यानंतर दोन रविवार जेवायला आली नाही. ते त्याने ग्वेनच्या स्वभावावर ढकलले.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी कोल्बीचा फोन आला. डॉर्सीला वाटले, त्या कोचला हाकलले असणार.

"डॉर्सीकाका, तुम्हाला आधी सांगावं म्हटलं. मी सोडतोय. शनिवारचा शेवटचा सामना."

"सोडतोय म्हणजे? संघ बदलतोयस?"

"खेळणं सोडतोय. बायकोला एप्रिलमध्ये बाळ होणार आहे. सासऱ्यांचं फरशांचं दुकान आहे, तिथे बसणार."

"फरशांचं," डॉर्सी म्हणाला. "बरं. पण मार्चपर्यंत तरी थांब की. सीझन पुरा कर. दोन मिनिटं खेळलास तरी चालेल."

पलीकडे कुठलेसे दार लोटल्याचा आवाज आला.

"काका, रागावू नका, पण गुडघ्यातलं पाणी काढल्याशिवाय मला जिना चढता येत नाही. मी दोन वर्षांपूर्वीच सोडणार होतो. आईच म्हणाली, तू थांबलास तर डॉर्सीचं सदर बंद पडेल, तो म्हातारा काय करेल मग. म्हणून ओढलं. मला तिथे दर आठवड्याला शून्य छापून यायची लाज वाटते, खरं सांगू का? इथल्या पोरांनी शोधून काढलंय ते. ड्रेसिंगरूममध्ये वाचून दाखवतात."

डॉर्सीने "बाळाला आशीर्वाद" असे काहीतरी म्हटले आणि फोन ठेवला. त्याला संताप आला होता, पण कुणाचा ते ठरेना. आपण त्या पोरामागे उभे आहोत असे समजत तो चार वर्षे टॅबलेटवर ओरडत होता, आणि ते पोरगे म्हाताऱ्याची दया येऊन गुडघा झिजवत होते. दिवसभर तो गॅरेजमध्ये एका डब्यातले खिळे दुसऱ्या डब्यात टाकत बसला.

संपादक जोॲन प्लेचर ही कामाची बाई. ती म्हणाली, "जागा रिकामी नाही ठेवता येणार, डॉर्सी. बियाणेवाले जाहिरात मागतायत. नाहीतर नॉर्थ फोर्कची पोरं घे. तुझी नातच काय सुंदर खेळतेय. आता कोण बोलणार आहे तुला?"

हे ऐकून त्याला एकदम हलके वाटले. नियम त्याने केला होता, तोच मोडू शकत होता. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बसून सदर लिहिले, पूर्ण पानभर, आणि सगळे मॅरिनवर. इतके चांगले त्याने आजवर कुणावर लिहिले नव्हते. लॉरेटाने वाचले आणि चष्मा पुसला, पण म्हणाली, "छापायच्या आधी तिला विचार."

"विचारायचं काय त्यात? खूश होईल."

"तरी विचार."

जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी ते अडीच तास गाडी चालवून ओहायोला गेले. दुपारचा सामना होता. मॅरिनने एकवीस गुण केले, हुकून परतलेले सात चेंडू, म्हणजे सात रिबाउंड, पकडले, आणि शेवटच्या मिनिटाला एक बास्केट असे केले की लॉरेटा शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडली. सामना संपल्यावर मॅरिन केस ओले, पायात सपाता अशी बाहेर आली. आजीला तिने उचललेच. मग तिघे कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले आणि डॉर्सीने कोटाच्या खिशातून दोन वस्तू काढल्या. एक सदराचा कागद, आणि एक हिरवी वही.

मॅरिनने कागद आधी वाचला. शेवटपर्यंत वाचला, परत वर गेली, मग घडी घातली.

"कोल्बीनं सोडलं ना? आई म्हणाली."

"हो. म्हणून म्हटलं..."

"म्हणून," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आजोबा, हे नका छापू."

"का गं? चुकलंय का काही?"

"चुकलं नाही. पहिल्या वर्षी मी तुमचा पेपर इथे टपालानं मागवत होते. सोमवारी यायचा. मी एकोणीस पॉइंट केलेले असायचे, आणि त्यात कोल्बी, शून्य. दर सोमवारी मी उघडून बघायची. वाटायचं, या वेळी आजोबांनी घातलं असेल. वर्षभरानं बंद केला. आता जागा रिकामी झाली तेव्हा मी आठवले होय?"

"आठवायला, विसरलो कधी होतो?" डॉर्सी म्हणाला. हाच क्षण त्याने येताना अडीच तास डोळ्यांपुढे आणला होता. त्याने वही तिच्या हातात दिली. "उघड की. बघ."

तिने उघडली. पहिल्या पानावर तिचा पहिला सामना होता. तारीख, मिनिटे, गुण, रिबाउंड, फाउल. पुढच्या पानावर पुढचा. तिचे बोट ओळींवरून सरकत गेले. ताप अंगात असताना खेळलेला सामना होता, कुणाला न सांगितलेला. संघातल्या मुलींचे पास हातातून निसटून हरलेला सामना होता, त्याच्या समोर बारीक अक्षरात 'दमली होती' असे लिहिले होते. तीन वर्षे, पंच्याहत्तर सामने, एकही सुटला नव्हता. लॉरेटालाही ही वही माहीत नव्हती. तीही वाकून बघत होती.

डॉर्सी मॅरिनच्या चेहऱ्याकडे बघत वाट पाहत होता. आता ती हसेल, आता हात धरेल, असे त्याला वाटत होते.

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं," मॅरिन म्हणाली.

"सगळं."

"मी समजायची, आजोबा आता म्हातारे झाले, आजी ओढून आणते म्हणून येतात, त्यांना आपल्या खेळाचं काही नाही. त्याची मी सवय करून घेतली होती." तिने वही मिटली. "तुम्ही दर आठवड्याला माझा आकडा हातानं लिहीत होता, आणि त्याच पेनानं पेपरात शून्य लिहून पाठवत होता."

"नियम होता ना गं."

"कुणाचा?"

तेवढ्यात कोणीतरी तिला आत बोलावले. तिने वही आणि कागद दोन्ही नीट त्याच्या मांडीवर ठेवले, आजीचा मुका घेतला, त्याच्याही खांद्यावर थोपटले, जसे परक्या घरच्या म्हाताऱ्याला थोपटतात तसे, आणि गेली.

गाडीत लॉरेटा चालवायला बसली. तिने त्याला कसलाही बोल लावला नाही, ते त्याला जास्त लागले. राज्याची हद्द मागे पडली.

"जोॲनला काय सांगणार?" तिने शेवटी विचारले.

"जाहिरात टाक म्हणून सांगतो."

बाहेर अजून उजेड होता. डॉर्सीने चष्मा लावला आणि वही पहिल्या पानापासून पुन्हा काढली. तो एकेक बेरीज करत चालला होता. कुठेतरी आपला आकडा चुकलेला असावा, एखादा सामना राहून गेलेला असावा, म्हणजे आपले तिच्याकडे तेवढे लक्ष नव्हते असे तरी म्हणता येईल. घर येईपर्यंत त्याने पंच्याहत्तरही सामने तपासले. एकही चूक सापडली नाही.