कमरेएवढं गवत

गावामागच्या डोंगरावर सपाट माळ आहे. साक्रीच्या बाजाराला जाताना मागे वळलं की दिसतो. हल्ली मी वळत नाही. कंटाळा आलाय मला त्याचा.

एके काळी गुरांनी तिथे काही शिल्लक ठेवलं नव्हतं, हे खरं. गावाची सगळी गुरं, शिवाय बाहेरून येणाऱ्या मेंढ्या. माळाचं पार टक्कल झालं होतं. मग गावाने चराईबंदी केली. एकही जनावर वर जाणार नाही! बांधून घालायला चारा कुठला? सगळ्यांसारख्या मीही माझ्या चारही गायी विकून टाकल्या. शेवटची गोठ्यातून सुटली ती सवयीने डोंगराच्याच वाटेला लागली. दोर ओढून तिला टेम्पोकडे वळवावं लागलं.

गवत आलं, हो, झकास आलं. पाहुणे फोटो काढून गेले. पण वाढलं ते कुसळी गवतच, कमरेएवढं. जुनं वाळून तिथेच आडवं पडतं, त्यावर नवं. खाली ऊन म्हणून पोचत नाही. पूर्वी गुरं बेताची होती तेव्हा आखाडात मी मुसळीची कोवळी पानं पदर भरून आणायचे भाजीला. ती गेली. बारकी निळी-पिवळी फुलं गेली. हाती काय, तर साडीला चिकटलेली कुसळं! काढता काढता जीव मेटाकुटीला येतो.

गेल्या वर्षी बंदीच्या समितीतला शेजारी दारात आला.

"अक्का, आते माळवर थोड्या गाया सोडन्या पडतीन. नही तं बठ्ठं कुसळच व्हई जाई."

"सोड ना मग, भाऊ! मना गोठा तं रिकामा शे."

गावात उरल्यात त्या दावणीला खाणाऱ्या जर्सी. त्यातल्या दोन वर चढवून पाहिल्या, तर अर्ध्या वाटेतच बसल्या. हसावं की रडावं!

शेवटी मीच विळा घेऊन गेले. दोन-तीन खाटा मावतील एवढी जागा कापली, वाळकं गवत उचलून बाजूला टाकलं. यंदा आखाडात तेवढ्याच तुकड्यात मुसळीची पानं वर आली. आनंद झाला म्हणावं, तर डोळे भरून आलेले. भाजी खुडायला हातच होईना. एवढ्याशा जागेसाठी माझे गुडघे कामातून गेले, आणि समोर अख्खा माळ पडलेला.

माझ्या गायी हे काम चरता चरता करायच्या.