विजूताईंचा दगडू

ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट सकाळी विजूताई बिल्डिंगच्या दारातून बाहेर पडल्या की जागच्या जागी उभ्या राहायच्या. एसीतून बाहेर येताच चष्म्याच्या काचा वाफेने पांढऱ्याफटक व्हायच्या. आम्ही बाकीचे ओढणीने, शर्टाच्या टोकाने काचा पुसत गाडीकडे पळायचो. विजूताई हातही लावायच्या नाहीत. मागून कुणी "यल्ला ताई, चला, उशीर होतोय" म्हटलं की म्हणायच्या, "आपोआप जातं ते. दोन मिनिटांनी तुझी कंपनी काही बुडत नाही." मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. बाईंना दिसत नसावं असं वाटून मी त्यांचा हात धरला. गाडीपाशी पोचल्यावर म्हणाल्या, "दिसतं हो मला. पण तू एवढ्या प्रेमाने धरलास, म्हटलं असू दे."

त्या मूळच्या नाशिकच्या. इथे आखातात, अल अझीझियाला आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायच्या. नवरा गेल्यावरही, शाळेच्या ऑफिसात नोकरी होती म्हणून, इथेच राहिल्या. मूलबाळ नव्हतं. नाशिकला धाकटी बहीण शुभा, आणि इथे घरात दगडू नावाचा राखाडी बोका, एवढाच त्यांचा संसार.

इथली आमची एक खोड आहे. दात, डोळे, गुडघे, जे काही दुखेल ते आम्ही सुट्टीवर ढकलतो. 'जुलैत गावी गेलं की दाखवू' म्हणतो आणि गोळी घेऊन कामाला लागतो. विजूताईंना याचा भयंकर राग यायचा. "अंगावर काढू नका रे," त्या लिफ्टमध्ये भेटेल त्याला बजावायच्या. "तुमची लीव्ह कधी सँक्शन होणार, ते शरीराला कळत नाही." माझा नवरा सुहास तीन महिने पोट धरून 'पित्त आहे, पित्त आहे' म्हणत होता. एका शुक्रवारी त्यांनी त्याला घरातल्या चपलांवरच गाडीत घातलं आणि इस्पितळात नेलं. पित्ताशयात खडे निघाले. नंतर आठवडाभर रोज मऊ भात आणून द्यायच्या आणि रोज भांडायच्या.

दगडू त्यांना एका उन्हाळ्यात पार्किंगमधल्या गाडीखाली सापडला होता, तळहाताएवढा. आता तो चौदा वर्षांचा होता आणि त्याची मूत्रपिंडं थकली होती. दिवसाआड त्याला कातडीखाली सलाईन द्यावं लागे. विजूताई ओट्यावर टॉवेल अंथरायच्या, सलाईनची पिशवी कोमट पाण्यात ठेवून ऊन करायच्या आणि कपाटाच्या वरच्या कडीला हँगर अडकवून त्याला ती टांगायच्या. सुई टोचताना पुटपुटायच्या, "झालं रे राजा, संपलंच." तोही शहाण्यासारखा बसायचा. नोव्हेंबर उजाडला की बाल्कनीचं दार उघडायचं आणि दोघं उन्हात बसायची. "आता चार महिने आपले," त्या त्याला सांगायच्या. मी हे सगळं दारातूनच पाहायची. मांजरांशी माझं कधी जमलं नाही.

गेल्या जूनमध्ये शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. बिल्डिंगमधली निम्मी माणसं बॅगा भरायला लागली, पण विजूताईंची काही हालचाल दिसेना. एका संध्याकाळी मी कैऱ्या द्यायला गेले, तर त्या ओट्यापाशी स्टुलावर चढून उजव्या हाताने पिशवी टांगायची खटपट करत होत्या. डावा हात अंगाशी घट्ट धरलेला. मी पिशवी घेऊन अडकवली आणि हाताला काय झालं म्हणून विचारलं. आधी त्यांनी सुई टोचली. सलाईन संपल्यावर दगडूला खाली सोडलं, हात धुतले आणि म्हणाल्या, "छातीत गाठ आहे. फेब्रुवारीपासून."

मला इतका राग आला की मी ओरडलेच. "ताई, तुम्ही? दुसऱ्यांना शिकवता आणि स्वतः पाच महिने अंगावर काढलंत?"

"मग काय करू? इथे दाखवलं तर लगेच दाखल करून घेतील. शुभाकडे जावं, तर याला विमानात नेता येत नाही. या उन्हात विमानवाले जनावर घेत नाहीत, आणि व्हेट म्हणतात, हा तेवढा प्रवास सोसायचा नाही. याचं किती राहिलंय आता? हा गेला की जाते मी."

"अहो, पण कुणाला तरी विचारायचं!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात जराही ठपका नव्हता. "तुला विचारलं होतं की, मेघना."

विचारलं होतं. फेब्रुवारीतच, बाल्कनीत बसलो असताना. "तुला आवडेल का गं मांजर ठेवायला?" असं सहज विचारावं तसं. मी हसून म्हणाले होते, "छे बाई, सोफाभर केस!" आणि लगेच मुलाच्या परीक्षेचं काहीतरी सांगत बसले होते. त्यांनीही विषय पुन्हा काढला नव्हता.

दोन दिवसांनी, पुढच्या सलाईनला, सुई मी हातात घेतली. दगडू मागे सरकला. "त्याला सुईची भीती नाही," विजूताई माझं मनगट धरून म्हणाल्या, "तुझ्या भीतीने तो घाबरतो. श्वास घे आधी." तिसऱ्या खेपेला जमलं. पुढच्या आठवड्याचं त्यांचं तिकीट काढलं. निघायच्या दिवशी त्यांनी दगडूला आमच्या सोफ्यावर ठेवलं, त्याच्या पाठीवरून एकदाच हात फिरवला आणि मागे वळून न बघता लिफ्टमध्ये शिरल्या. विमानतळापर्यंत माझ्याशी फक्त त्याच्या खाण्याबद्दल बोलल्या.

नाशिकला शस्त्रक्रिया झाली, पण आजार पसरला होता. व्हिडिओ कॉलवर त्या दोन वाक्यांत स्वतःची तब्येत उरकायच्या आणि "त्याला दाखव" म्हणायच्या. मी फोन दगडूसमोर धरायची. त्यांचा आवाज आला की तो फोनच्या मागे जाऊन शोधायचा. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. जानेवारीत विजूताई गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर शुभाचा फोन आला. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "डॉक्टर म्हणाले, चार-पाच महिने आधी आली असती तर वाचली असती. ती तर सगळ्यांच्या मागे लागायची. मग स्वतः का थांबली? तुला काही बोलली होती का गं?"

खोटं सांगणं सोपं होतं. दगडू माझ्या मांडीवर होता, पाठीत सुई, वर पिशवी निम्मी झालेली.

"मांजर सांभाळशील का, म्हणून मला विचारलं होतं," मी म्हणाले. "मी नाही म्हटलं."

 मला वाटलं, आता ती फोन ठेवणार. मग शुभाने नाक ओढलं आणि विचारलं, "आता जेवतो का तो नीट?"