छपरीतली शाळा

जूनच्या मध्यावर गावातल्या शाळा उघडल्या, त्याच सकाळी आमच्या छपरीतही नवं वर्ष सुरू झालं. छपरी म्हणजे घरापुढची पत्र्याची पडवी. तिथे मी सतरंजी टाकली, फळा ओल्या फडक्यानं पुसून घेतला आणि मुलीला हाक मारली. ती अकरा वर्षांची, या वर्षी सहावीत जाण्याच्या वयाची. तीन वर्षांपासून ती घरीच शिकत होती आणि शिकवणारी मुख्यतः मी.

आमचं गाव मध्य प्रदेशात, किरनापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. नवरा मलाजखंडच्या खाणीत नोकरीला, साप्ताहिक सुटीला घरी येतो. घरात सासरे, मी आणि मुलगी. इथे येण्याआधी आम्ही बालाघाटला राहत होतो आणि मुलगी तिथल्या एका खासगी शाळेत जात होती. ती बोलताना अडखळते. 'क', 'म' आणि 'र' वर तिची जीभ थांबते, कधी कधी स्वतःच्या नावावरही. वर्गात वाचायची पाळी आली की मुली तिच्यासारखं अडकून दाखवायच्या. तिसरीत असताना तिला रोज सकाळी उलट्या होऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. तेव्हा आम्ही तिला शाळेतून काढलं आणि मी तिला घेऊन इथे, सासऱ्यांच्या शेतावरच्या घरी आले.

इथे तिच्या उलट्या थांबल्या. कडुनिंबाखाली बसून ती मोठ्यानं वाचू लागली. गणित माझ्याकडे, मराठी आणि भूगोल सासऱ्यांकडे. सासऱ्यांनी लामत्याच्या शाळेत उभा जन्म शिकवण्यात घालवला होता. नातीला शाळेतून काढल्याचं त्यांना आवडलं नव्हतं, पण ते तसं कधी बोलले नाहीत. एकदाच, तिला वैनगंगेचा नकाशा काढायला शिकवताना, ते मला म्हणाले, "बाई, तिचं बोलनं तूच पुरं करून टाकते. तिले पुरं करू देत जा."

मला राग आला होता. ती एखाद्या शब्दावर थांबली की मला तो शब्द दिसायचा, आणि तिचा चेहराही दिसायचा. मग माझ्या तोंडून तो निघून जायचा. माझ्या मते ही मदत होती.

तर त्या सकाळी मी तिला विचारलं, "या वर्षी काय काय शिकायचं? बाबा खाणीतून दगड आणणार आहेत. हिरवट तांब्याचे. आपण दगडांपासून सुरुवात करू."

"हौ," ती म्हणाली.

दगडांवर तिचा जीव होता, म्हणून मला ते पुरेसं वाटलं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. रस्त्यावरून शेजारची मुलगी सायकल हातात धरून चालली होती. ती आमच्या मुलीची एकुलती एक मैत्रीण. पाचवीपर्यंत गावातच शिकली, आता सहावीसाठी शेजारच्या गावातल्या माध्यमिक शाळेत निघाली होती. मामाची जुनी सायकल तिला मिळाली होती. तिच्याबरोबर आणखी चार-पाच मुली होत्या. सगळ्या हसत होत्या. आमच्या मुलीनं हात वर केला, मग खाली घेऊन वहीवर ठेवला.

मी विचारलं, "तुला जायचं आहे का शाळेत?"

"नाही. मले घरीच बरं वाटते."

मी लगेच विश्वास ठेवला. ठेवायचाच होता.

त्या आठवड्यातली एक संध्याकाळ. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. मागच्या खिडकीखाली आमचं बोरिंग आहे. तिथे मैत्रीण सायकलवरचा चिखल धुवायला आली होती आणि आमची मुलगी दांडा हापसत होती. दोघी हिंदीतच बोलतात. मैत्रीण म्हणाली, "चल ना तू भी. मेरे पीछे बैठ जाना."

आमच्या मुलीला उत्तर द्यायला वेळ लागला. ती 'म'वर अडकली होती. मैत्रीण सायकल धूत राहिली. मग मुलीचा आवाज आला, "मैं गई तो मेरी आई दिनभर क्या करेगी? उसकी शाळा तो बंद हो जाएगी."

तव्यावरची पोळी करपली. मी तशीच उभी राहिले. उसकी शाळा. तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते की हे सगळं तिच्यासाठी आहे. नागपूरला माझ्या आईला, बालाघाटच्या नातेवाइकांना, भेटेल त्याला. आणि ती अकरा वर्षांची पोर रोज सकाळी सतरंजीवर येऊन बसत होती, ती माझा दिवस जावा म्हणून.

रात्री जेवताना मी तिला म्हटलं की मी ऐकलं. ती चिडली. "खिडकीतून ऐकायचं नसते," म्हणाली आणि ताटावरून उठली. सासऱ्यांनी तिचं ताट झाकून ठेवलं. मग मला म्हणाले, "उद्या शाळेत जाऊन तं ये. भरती करायची का नाही, ते मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक चाळिशीचे, मऊ आवाजाचे. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि तिच्याकडे वळून विचारलं, "बेटा, नाम क्या है तुम्हारा?"

तिनं तोंड उघडलं आणि ती थांबली. मान ताठ झाली, डोळे मिटले. बाहेर मुलं पाढे म्हणत होती. माझ्या ओठांवर तिचं नाव येऊन बसलं होतं. मी ओढणीचं टोक मुठीत धरलं. मला वाटलं, मी कसली आई, समोर बसून हे बघते आहे. मुख्याध्यापकांनीही घाई केली नाही, ते पेन हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. शेवटी तिनं नाव सांगितलं, आडनावासकट. "अच्छा," ते म्हणाले, "उम्र के हिसाब से छठी में बैठ जाओ."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "उद्यापासून तू नको येऊ. मी सायकलवर मैत्रिणीच्या मागं बसून जाईन."

घरी येऊन मी छपरीतली सतरंजी गुंडाळली. दिवस फार मोठा झाला. सासरे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, बघायला बांधावर गेले की घरात कुणीच नसायचं. मी दोनदा घर झाडायची. दहा वाजले की आता गणिताचा तास, असं मनात यायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी ती आली आणि दप्तर टाकून थेट गोठ्यात जाऊन बसली. जेवायला आली नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले. मग तिनं सांगितलं. हिंदीच्या तासाला ओळीनं वाचायला लावलं होतं. तिची पाळी येईपर्यंत तिच्या हातांना घाम सुटला. वाचायला लागली आणि पहिल्याच शब्दावर अडकली, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलांनी तसाच आवाज काढला. बाईंनी त्यांना उभं केलं, पण वर्ग हसायचा तो हसलाच.

मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "नको जाऊस उद्या. आपण घरीच करू. दगड तसेच ठेवले आहेत."

ती माझ्यापासून थोडी दूर झाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू खुश काहून होऊन राह्यली?" तिनं विचारलं.

मी म्हणणार होते, नाही गं, असं कसं. पण तिनं बरोबर पाहिलं होतं. ती रडत होती आणि माझ्या आत कुठेतरी हायसं वाटलं होतं. मला कारण मिळालं होतं. लेकीच्या दुःखानं आईला बरं वाटावं, याहून वाईट काय असेल ते मला तेव्हाही सुचलं नाही आणि आजही सुचत नाही.

"हो, झाले," मी म्हटलं. "तू घरी राहशील असं वाटलं म्हणून. ते चुकलं माझं."

 ती गाईच्या पाठीवरची माशी हाकलत बसली. नंतर उठून आत गेली आणि स्वतः वाढून जेवली. मी गोठ्यातच थांबले. आत जायचं धाडस होत नव्हतं.

सकाळी ती गणवेश घालून तयार होती. सासऱ्यांनी तिच्या डब्यात गुळाचा खडा टाकला. मी फाटकापर्यंतही गेले नाही.

पुढचं मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं, धानाची रोवणी सुरू झाल्यावर एकदा ती कोथिंबीर मागायला आली तेव्हा. तिनं सहज सांगितलं की आमची मुलगी त्याच दिवशी हिंदीच्या बाईंकडे गेली आणि म्हणाली, वाचायला लावाल तेव्हा माझी पाळी पहिली ठेवा. "उसको बारी का इंतज़ार करने में डर लगता है ना आंटी, पढ़ने में नहीं. पहले पढ़ लेती है तो फिर आराम से बैठती है." आता बाई रोज तिच्यापासूनच सुरुवात करतात. अडकते अजून. मुलं कधी हसतात, कधी नाही.

तीन वर्षं मी तिला शिकवत होते. वाट बघणं तिला जड जातं, हे तिनं मला सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. छपरीत एकच विद्यार्थिनी होती, पाळी यायचा प्रश्नच नव्हता.

संध्याकाळी ती आल्यावर मी विचारलं, "बाईंशी बोललीस ते मला का नाही सांगितलंस?"

ती पाय धूत होती. "तू र... र..." ती थांबली. मीही थांबले. "रडली असती," तिनं पुरं केलं आणि टॉवेल घ्यायला आत गेली.

खरंच होतं ते. मी रडले असते, आणि मग तिला मला समजावत बसावं लागलं असतं.